त्वचेची प्रतिकारशक्ती त्वचेतच राहते: नायट्याची ट्यूब आणि यास्मिन बेलकैद यांचं संशोधन

वैनगंगा

पहिले दोन पाऊस पडून जातात, पुन्हा ऊन निघतं आणि अख्खं नागपूर घामाने चिकचिकतं. या दिवसांत इतवारीपासून मनीषनगरपर्यंत कुठल्याही मेडिकल स्टोअरसमोर उभं राहा, "भाऊ, नायट्याची ट्यूब द्या" हे ऐकू येतंच. कोणती ते सांगावंही लागत नाही. जी ट्यूब हातात पडते तिच्यात बहुतेकदा चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, दोन जंतूंवरची आणि चौथं क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते. महिन्याभराने जांघेतलं चकंदळ कमरेपर्यंत चढलेलं असतं, मग घरातल्या दुसऱ्यालाही होतं आणि तीच ट्यूब घरभर फिरते.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. या ट्यूबने नेमकं काय बिघडतं हे कळायचं तर आपल्या कातडीत कोणत्या पेशी राहतात आणि त्या काय करतात हे आधी माहीत हवं. गेल्या वीसेक वर्षांत या विषयात फार सुंदर काम झालं आहे आणि मराठीत त्यावर फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा.

त्वचा, आतडं, फुप्फुस हे आपले बाहेरच्या जगाला लागून असलेले अवयव. पूर्वी शिकवताना आम्ही त्वचेचं वर्णन एका वाक्यात उरकायचो: जंतूंना आत येऊ न देणारा अडसर. लढणाऱ्या पेशी रक्तात, लसीका ग्रंथींत आणि प्लीहेत. गरज पडली की तिथून धावत येतात. हे चित्र अपुरं आहे. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेचे काप सोन्याच्या क्षाराने रंगवले, तेव्हा वरच्या थरात त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्या प्रतिकारयंत्रणेच्या आहेत हे ठरायला शंभरावर वर्षं गेली. २००६ मध्ये बोस्टनच्या रॅशेल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या निरोगी त्वचेतल्या टी पेशींचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हिशोब मांडला: सुमारे २००० कोटी, म्हणजे रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. आणि यातल्या बऱ्याच कायमच्या तिथल्या रहिवासी. बंदोबस्ताला बाहेरून आलेली तुकडी वेगळी आणि त्याच मोहल्ल्यात जन्म काढलेला, प्रत्येक घर ओळखणारा माणूस वेगळा, तसं हे.

आता यास्मिन बेलकैद यांच्याकडे येते. जन्म अल्जीरियाच्या राजधानीत, सुरुवातीचं शिक्षण तिथेच, मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी. विषय होता लीशमॅनिया, वाळूमाशी चावली की त्वचेत शिरणारा परजीवी; आपल्याकडच्या काळा आजाराच्या परजीवीचा जवळचा नातलग. पुढे त्यांनी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत प्रयोगशाळा चालवली आणि २०२४ पासून त्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या अध्यक्ष आहेत.

त्यांचा २०१२ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढते. पहिली लेखिका श्रुती नाईक, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतली पीएचडीची विद्यार्थिनी. जन्मापासून एकही जंतू अंगावर नाही असे उंदीर घेतले. त्यांच्या त्वचेत टी पेशी होत्या, पण आयएल-१७ सारखे रासायनिक संदेश देण्यात त्या फार कमी पडत होत्या. मग त्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा एकच जंतू लावला. हा जंतू माझ्या-तुमच्या प्रत्येकाच्या अंगावर आहे. तेवढ्यानेच पेशी कामाला लागल्या! जंतुविरहित उंदरांना लीशमॅनिया टोचला तर व्रण लहान यायचा, दिसायला बरं, पण आत परजीवी जास्त सापडायचे. एपिडर्मिडिस लावल्यावर प्रतिकार पुन्हा उभा राहिला. आणखी एक गोष्ट त्यांनी तपासली: इतर उंदरांना पोटातून अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू उलटेपालटे केले, तरी त्वचेच्या पेशींवर त्याचा परिणाम दिसला नाही. म्हणजे त्वचेचं शिक्षण त्वचेवरच्या जंतूंकडून होतं, आतड्याचं आतड्यातल्या.

२०१५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की एपिडर्मिडिसमुळे तयार झालेल्या टी पेशी त्वचेच्या अगदी वरच्या थरात जाऊन राहतात आणि कँडिडा या बुरशीपासून संरक्षण देतात. हे सगळं होताना ना सूज, ना लाली, ना जखम.

आता ती ट्यूब डोळ्यांसमोर आणा. क्लोबेटासॉल चोळलं की नेमक्या याच रहिवासी पेशी गप्प केल्या जातात. खाज आणि लाली ही बुरशीशी चाललेल्या झटापटीची खूण असते. झटापट थांबली, बुरशी तिथेच राहिली, आणि आता तिला अडवायला कोणी नाही. खाज गेली म्हणजे रोग गेला, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

धरमपेठकर

छान लिहिलंय. एक शंका. हे सगळं उंदरांवरचं झालं. उंदराच्या अंगावर दाट केस, कातडी पातळ, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या त्वचेत काही पेशी अशा आहेत ज्या माणसात नाहीतच. माणसात हे खरं कशावरून?

वैनगंगा

योग्य शंका. उंदराच्या वरच्या थरात एका खास प्रकारच्या गॅमा-डेल्टा टी पेशी असतात, तशा माणसात नाहीत. त्यामुळे तपशील जसाच्या तसा उचलता येत नाही. पण माणसांतले तीन पुरावे मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला जनुकांचा. कार्ड-९ नावाच्या जनुकाच्या आई आणि वडील दोघांकडून आलेल्या प्रती बिघडलेल्या असतील तर बुरशी ओळखल्यानंतरचा संदेश पुढे जात नाही. २०१३ मध्ये अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया इथल्या कुटुंबांतल्या १७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला जांघेत खाज आणून थांबणाऱ्या बुरशीच्या गटानेच या लोकांची त्वचा खोलवर पोखरली होती, काहींच्या लसीका ग्रंथींपर्यंत ती पोचली होती, काही दगावले. बुरशी नेहमीचीच, थोपवणारा मार्ग मात्र बंद.

दुसरा औषधांचा. सोरायसिसमध्ये आयएल-१७ चा अतिरेक होतो म्हणून तो अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आली. त्वचा सुंदर साफ होते, पण काही रुग्णांना तोंडात किंवा त्वचेच्या घड्यांत कँडिडा होतो. उंदरांत जे दिसलं त्याच्याशी हे जुळतं.

तिसरा क्लार्क यांचाच. त्वचेतून उगम पावणाऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरवर असं औषध देतात की रक्तातल्या टी पेशी जवळजवळ नाहीशा होतात. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की या रुग्णांच्या त्वचेतल्या रहिवासी टी पेशी तरीही शाबूत होत्या, आणि रक्त रिकामं असूनही त्यांना फारसे संसर्ग झाले नाहीत. म्हणून "इम्युनिटी प्रोफाइल" म्हणून रक्ताच्या तपासण्यांची पॅकेजं विकली जातात तेव्हा मला वाईट वाटतं. त्वचेत आणि आतड्यात काय आहे ते त्या रिपोर्टात उतरतच नाही.

त्वचातज्ज्ञ_सदर

ताईंनी आतली बाजू मांडली, मी ओपीडीतली मांडतो.

एकेकाळी साधा नायटा दोन-चार आठवड्यांत मलमाने जायचा. आता जो दिसतो त्यात मोठा वाटा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचा आहे. हे नाव तिला २०२० मध्ये मिळालं. भारत आणि नेपाळमधून जपानला गेलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं. हिच्यात एका विकराच्या जनुकात बदल होतात आणि टर्बिनाफिन हे आमचं नेहमीचं औषध चालेनासं होतं. वर स्टिरॉइडने त्वचेचा प्रतिकार बसलेला. दोन्ही मिळून आजचा चिवट नायटा तयार होतो.

स्टिरॉइड लावलेल्या नायट्याची ओळखही पुसली जाते. कडा गोल, उठावदार राहत नाही, वर्तुळात वर्तुळ दिसतं, कधी नुसता लालसर पट्टा. जांघेत कायमचे पांढुरके चरे पडतात, ते परत जात नाहीत. विशीतल्या मुलामुलींना ते सांगताना मला जड जातं.

मी निदान असं करतो. चकंदळाच्या मधून नाही, पसरत्या कडेवरून ब्लेडच्या बोथट बाजूने कोंडा खरवडतो. काचपट्टीवर घेऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो, वर कव्हरस्लिप, आणि थोडा वेळ थांबतो. क्षाराने कातडीचे तुकडे विरघळून पारदर्शक होतात. मग भिंगाखाली फांद्या फुटलेले, मध्ये आडव्या रेघा असलेले बुरशीचे धागे दिसतात. स्टिरॉइड लावून आलेल्या माणसाच्या पट्टीवर हे धागे इतके माजलेले असतात की शोधावे लागत नाहीत. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही सगळे पाहताच.

अजनीचा_पक्या

ताई, डॉक्टरसाहेब, नमस्कार. माह्या लहान भावाले मागच्या पावसाळ्यापासून हेच होऊन राहिलं. ट्यूब लावली का बरं वाटते, सोडली का दुप्पट भडकते. आग होते, लाल होते, रात्री झोपू देत नाही. म्हणून तो सोडतच नाही. घरचे म्हणतात ट्यूबच बरी आहे, सोडली म्हणूनच वाढलं. आता तुम्ही सांगा, सोडल्यावर काहून वाढते?

वैनगंगा

पक्या, तुझ्या प्रश्नात सगळा विषय आला. मलम बंद केलं की दबलेल्या पेशी जाग्या होतात. मधल्या काळात बुरशी खूप पसरलेली असते, त्यामुळे जाग आल्याबरोबर एकदम मोठी झटापट सुरू होते. तीच ती आग आणि लाली. शिवाय स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्याही उलट्या फुलतात. भावाला वाटतं रोग वाढला. वाढलेला आधीपासूनच होता, आता दिसायला लागला. तो पुन्हा ट्यूब लावतो आणि फेरा चालू राहतो. घरच्यांना हे नीट समजावून सांग, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत त्याला त्यांचाच आधार लागेल. ट्यूब मनाने एकदम सोडायला लावू नको, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडू दे.

रामटेकची_माय

मी वेगळं विचारते. गोळी घेतली की दरवेळी हाताच्या त्याच जागी काळा डाग पेटतो, आग होते, आठवड्याने शांत होतो, डाग राहतो. जुलाबाची गोळी घेतल्यावर झालं. पुन्हा कधीतरी तीच घेतली, पुन्हा तिथेच. अंगावर दुसरीकडे कुठेच नाही. हे पण त्या रहिवासी पेशींचंच का?

त्वचातज्ज्ञ_सदर

हो. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. आपल्याकडे जुलाबाच्या, दुखण्याच्या आणि सल्फाच्या गोळ्यांनी बऱ्याचदा होतं. पहिल्या वेळी त्या जागी आलेल्या टी पेशी डागाच्या वरच्या थरात मुक्काम करून राहतात. महिने जातात, त्या तिथेच. तेच औषध रक्तातून तिथे पोचलं की काही तासांत पेटतात. रहिवासी टी पेशी डोळ्यांनी पाहायच्या असतील तर याहून स्पष्ट उदाहरण मी दाखवू शकत नाही. गोळीचं नाव लिहून कायम पर्समध्ये ठेवा, कुठल्याही डॉक्टरला आधी तो कागद दाखवा. ती गोळी परत घेऊ नका, दरवेळी नवे डाग वाढण्याचा धोका असतो.

वैनगंगा

यालाच जोडून. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा वण असायचा. ती लस कातडी ओरखडून देत. बोस्टनच्याच थॉमस कुप्पर यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की तीच लस ओरखड्यातून दिली तर स्नायूत किंवा इतर मार्गांनी दिल्यापेक्षा संरक्षण सरस मिळतं, आणि त्यात त्वचेतल्या रहिवासी टी पेशींचा मोठा हात असतो.

काढा_प्रेमी_महाल

इतकं वाचल्यावर मला तर वाटतं की इम्युनिटी जितकी जास्त तितकं चांगलं. आमच्या घरी गुळवेल, तुळस, हळदीचं दूध रोज असतं. त्वचेची शक्ती वाढवायला पोटातून काही घेता येईल का? कोणाला दुखवायला विचारत नाही, मनापासून विचारतो आहे.

वैनगंगा

काका, मनापासूनच उत्तर देते. हळदीच्या दुधाबद्दल माझी तक्रार नाही. पण "जास्त म्हणजे चांगलं" हे त्वचेच्या बाबतीत खरं नाही. सोरायसिस, एक्झिमा, कोड या तिन्हींत प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नसते. ती नको तिथे, नको तेवढी चालत असते. म्हणून आवरणाऱ्या पेशी लागतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच कामाला मिळालं: मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, नियामक टी पेशींवरच्या शोधांसाठी.

आणि इथे बेलकैद यांचं २००२ चं काम सांगायलाच हवं, मला ते त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त आवडतं. लीशमॅनियाचा व्रण भरून आला तरी त्या जागी थोडे परजीवी जिवंत राहतात. का? कारण नियामक टी पेशी तिथे जमतात आणि बाकीच्या पेशींना पूर्ण सफाई करू देत नाहीत. या पेशी ज्या संदेशांनी आवर घालतात त्यांतला एक म्हणजे आयएल-१०; तो नीट चालत नाही असे उंदीर त्यांनी तपासले. परजीवी समूळ गेला. पण त्या उंदरांना पुन्हा लीशमॅनिया टोचल्यावर त्यांच्याकडे आधीची प्रतिकारशक्ती उरली नव्हती! थोडा शत्रू शिल्लक होता म्हणून पेशी सावध होत्या. मी हा निबंध विद्यार्थ्यांसोबत वाचते तेव्हा वर्गात बराच वेळ वाद होतो, आणि तो व्हावा असंच मला वाटतं.

वर्धेचा_पायी_फिरणारा

मी निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा या जिल्ह्यांत गावोगाव फिरलो. आमच्या भागाने सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी पाहिले, दत्तपूरची कुष्ठरोग्यांची वसाहत पाहिली, वरोऱ्याचं आनंदवन पाहिलं. म्हणून या धाग्यावर कुष्ठरोगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कातडीवर फिकट चट्टा. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, कापसाच्या वातीने किंवा पेनाच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा आणि म्हणायचं, जिथे लागलं तिथे बोट ठेव. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर स्पर्श केला की माणूस वाट पाहत राहतो. त्याला कळतच नाही की मी हात लावला. ते पाहिलं की माझ्या पोटात कालवायचं.

जंतू एकच, १८७३ मध्ये हॅन्सन यांनी शोधलेला. पण एकाला एकच चट्टा, त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड, सगळ्या अंगावर सूज आणि कानाच्या पाळीला चिरा देऊन काढलेल्या पट्टीवर जंतूंचे गठ्ठे. फरक त्या माणसाच्या टी पेशींचा, असं आमचे साहेब सांगायचे. पहिल्या प्रकारात पेशी जोरात लढतात, पण त्या लढाईत नसच जखमी होते.

वैनगंगा

काका, किती मोलाचं लिहिलंत. माझ्या विद्यार्थ्यांना हे वाचून दाखवणार आहे. एक विचारते: रिअॅक्शन आलेल्या रुग्णांना तुम्ही प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यायचात ना?

वर्धेचा_पायी_फिरणारा

डॉक्टर लिहून द्यायचे, आम्ही गोळ्या पोचवायचो आणि मोजायचो. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपरामागची नस दुखायला लागली, की वेळ घालवायचा नाही. स्टिरॉइड वेळेवर सुरू झालं तर हात वाचतो, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. जोडीला एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्रित औषधांची, पाकिटं चालूच ठेवायची. म्हणून पोरांनो, स्टिरॉइडला नुसतं वाईट म्हणू नका. कोण देतो, कशासाठी देतो आणि कधी थांबवतो ते बघा.

त्वचातज्ज्ञ_सदर

काका, अगदी हेच मला म्हणायचं होतं. एक्झिमात आम्हीही स्टिरॉइडचं मलम देतो आणि ते फार उपयोगी आहे. बुरशीवर मात्र नाही.

नवी_आई_बेसा

माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. सासूबाई रोज तेलाने मालीश करून डाळीच्या पिठाने अंग चोळतात. शेजारी म्हणतात अँटिसेप्टिक साबण लावा, नागपूरचा घाम आहे, जंतू होतील. दोन्ही ऐकून गोंधळ उडाला आहे. बाळाच्या गालावर आणि कोपरात कोरडे लाल चट्टे पण आहेत.

वैनगंगा

संशोधनापुरतं मी सांगते, बाळाचं डॉक्टर सांगतील. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टिफनी शार्शमिट आणि मायकल रोझेनब्लम यांच्या गटाने पाहिलं की नवजात उंदरांच्या त्वचेत जन्मानंतरच्या दिवसांत नियामक टी पेशींची लाट येते. एपिडर्मिडिसशी त्या काळात ओळख झाली तर त्वचा त्याला पुढे आपला मानते. तीच ओळख मोठेपणी झाली तर तसं होत नाही. माणसात हा काळ नेमका किती ते यावरून सांगता येत नाही, पण धडधाकट बाळाच्या अंगावरचे सगळे जंतू मारत सुटायचं कारणच नाही.

त्वचातज्ज्ञ_सदर

अँटिसेप्टिक साबण नको. साधा, सौम्य साबण, तोही गरजेपुरता. मालीश चालेल, हलक्या हाताने. पण चट्टे आहेत म्हणता, म्हणजे एक्झिमा असू शकतो. फुटलेल्या कातडीवर डाळीचं पीठ चोळणं बंद करा. खाण्याचे पदार्थ फुटलेल्या त्वचेतून आत गेले तर अॅलर्जी जडू शकते, तेच पदार्थ योग्य वयात तोंडातून गेले तर शरीर ते स्वीकारायला शिकतं. २०१५ मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांनी ६४० बाळांवर केलेला अभ्यास आला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ही बाळं. ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातले त्यांच्यात शेंगदाण्याची अॅलर्जी फारच कमी निघाली. सासूबाईंना सांगा, मालीश तुमचीच राहू द्या, फक्त पीठ थांबवा. आणि बाळाला एकदा दाखवून घ्या.

बीएस्सी_सेकंड_इयर

मॅडम, मला याच विषयात पुढे जायचं आहे. इथेच राहून जमेल का?

वैनगंगा

एमएस्सीपर्यंत नक्की. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घे आणि सांख्यिकी टाळू नको. पीएचडीसाठी पुण्याचं एनसीसीएस आणि दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था बघ. एक मात्र आत्ताच सांगते: उंदीर कितीही महत्त्वाचा असला तरी इंडोटिनी, कुष्ठरोग, घामोळ्या हे आपल्या भागातले त्वचेचे प्रश्न माणसांत अभ्यासायचे आहेत. त्वचेचे नमुने, रुग्णांचा विश्वास आणि वऱ्हाडी बोलता येणं, हे इथल्या मुलांकडे आहे. बोस्टनकडे नाही.

अजनीचा_पक्या

डॉक्टरसाहेब, भाऊ तयार झाला. धागा वाचून दाखवला त्याले. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ते खरवडून बघतात का? आणि जायच्या आधी काही लावायचं का नाही?

त्वचातज्ज्ञ_सदर

मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर नंबर लावा. निघताना त्या जागी काहीच लावू नका, पावडरसुद्धा नाही, नाहीतर कोंडा नीट मिळत नाही. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही सोबत न्या, एकट्यावर उपचार केले तर तो परत येतो. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं वेगळी, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. खाज थांबली तरी गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत.

अजनीचा_पक्या

बाबांलेही आहे, त्यांलेही नेतो. घरी पडलेल्या ट्यूबा आणू का फेकून देऊ?

त्वचातज्ज्ञ_सदर

फेकू नका. रिकाम्या असल्या तरी सगळ्या पिशवीत घालून न्या. कोणतं स्टिरॉइड किती कडक होतं ते वेष्टनावरून कळतं, आणि ते एकदम थांबवायचं की हळूहळू हे डॉक्टरांना त्यावरूनच ठरवावं लागतं.